आमच्या ओळीतून कुणीही गेलेलं नाही

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि ताई खोकल्याचं औषध घेते की नुसती बाटली हलवून ठेवून देते, ते कळवावं. आम्ही दोघं ठणठणीत. (बायको म्हणते, नुसतं ‘जिवंत’ लिहा. पण पत्रात बरं दिसत नाही.)

समोरचे तीन टॉवर एकदाचे पुरे झाले. आम्हाला कुणी हाकललं वगैरे नाही, उगाच खोटं कशाला बोला. फक्त बसचा थांबा त्यांच्या फाटकाशी गेला, त्यांच्या टाक्या भरून उरलं तर आम्हाला पाणी येतं, आणि मालकाने वर्षात दोनदा भाडं वाढवलं. आधी इस्त्रीवाले काका गेले, मग नर्सबाई, मग शेजारचा सुतार बायकापोरांसकट. ‘जातो’ कुणीच म्हणालं नाही. सगळे ‘येतो’ म्हणाले, आणि अनामत संपेपर्यंत खोली आपलीच म्हणून चावी माझ्याकडे ठेवून गेले. (शिंप्याचं दुकान दिवसभर उघडं, त्यामुळे हा मान माझा.) बारा खोल्यांच्या ओळीतल्या अकरा चाव्या माझ्या खिळ्याला लागल्या.

अशात सरकारी कचेरीतून एक बाई फॉर्म घेऊन आली. टॉवर आल्यापासून इथून किती घरं गेली, म्हणाली. मी मनात म्हटलं, खोल्या रिकाम्या म्हणून नोंद झाली, तर मालक उद्याच कुलपं बदलेल आणि बिचारे परत येऊन उभे कुठे राहतील? मी छातीठोकपणे सांगितलं, एकही नाही. काका गिऱ्हाइकाकडे गेलेत, नर्सबाई ड्यूटीवर, सुतार आत्ताच करवत घेऊन बाहेर पडला. अकरा संसार मी एकट्याने उभे केले, भाऊजी! वर बाईच्या ओढणीला टीप मारून दिली, फुकट.

महिन्याने कागद आला. या ओळीतून कुणीही स्थलांतर केलेलं नाही, सबब भाडेवाढीला मनाई आणि गेलेल्यांना जवळच खोल्या, ही योजना इथे लागू नाही. अशी योजना होती हे मला तेव्हा कळलं. सुतार त्या खोलीसाठी कचेरीत गेला होता. तुम्ही तर तिथेच राहता, असं त्याला कागद दाखवून सांगितलं. तो दुकानात आला, आपली चावी काढून घेतली आणि गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटली, अजून वाटते.

बायको म्हणाली, “लोकांची मापं घेता, स्वतःचं कधी घेतलंत?” तिला काय कळतंय! मी इथून हलणार नाही. अकरा घरांना शब्द दिलाय मी. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
मेव्हणा

ता. क. तुमच्या मागच्या खोलीत ती मोडकी सायकल असते, ती हलवली तर दोन माणसं झोपू शकतील का? सहज विचारतोय.

ता. क. मशीन काल टेम्पोत चढवली आहे. पत्राआधी पोचली तर जपून उतरवून घ्यावी. आम्ही परवा सकाळपर्यंत पोचू. ताईला म्हणावं, दारात रडू नकोस, मी इथे रडलोय तेवढं पुरे आहे.