मागच्या खोलीतली शेगडी

ता. ६ जानेवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि. हे पत्र बाबांना आणि काकांना वाचून दाखव. काकूच्या मात्र हातात दे, तिला स्वतः वाचायला आवडतं.

खोली मिळाली. खाली एक बाई शिवणकाम करतात, त्यांच्या वरची. दिवसभर मशीनची खडखड असते, पण बाई मायाळू आहेत. खिडकीतून आमच्या कार्यालयाचा मागचा जिना दिसतो, त्यामुळे उशीर झाला तर सबब सांगायची सोय नाही.

काकांना सांग, त्यांची कलेक्टरीणबाई रोज धुळीने माखून घरी येते. काम असं की एकेका गावात जायचं, आधी घरं आणि माणसं मोजायची, मग सोयी लिहायच्या. पाणी कुठून आणता, दवाखाना किती लांब, शाळा कितवीपर्यंत, पावसात रस्ता उघडा राहतो का. ऐकायला रुक्ष वाटेल, पण मला तसं वाटत नाही गं. वर बसणाऱ्यांना गाव दिसत नाही, आम्ही लिहिलेलंच दिसतं. मी दवाखाना नाही असं लिहिलं, तरच कुणीतरी विचारेल की का नाही.

गमतीही होतात. एका आजोबांना घरात माणसं किती विचारलं, तर म्हणाले, बायको रुसून माहेरी गेलीय, तिला धरायचं की नाही हे तीच आल्यावर सांगेल. दुसऱ्या गावात एका बाईंना वाचनालय आहे का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, आहे की, माझी शेजारीण. गावातलं सगळं तिच्याकडे वाचायला मिळतं आणि परतही करावं लागत नाही. मी हसू दाबून "नाही" लिहिलं.

कुटुंब मोजायचा नियम मला फार आवडला. छप्पर मोजायचं नाही, चूल मोजायची. ज्यांचा स्वयंपाक एकत्र, ते एक कुटुंब. ऐकलं आणि आपलंच घर डोळ्यांपुढे आलं. ते मोठं पातेलं, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला काकू, आणि ओळीत मांडलेली आम्हा सगळ्यांची ताटं.

आपल्या गावच्या नव्या पाण्याच्या टाकीचे नळ याच मोजणीवरून ठरणार आहेत. कुटुंबामागे एक, थेट अंगणात. मग तुझ्या आणि काकूच्या कमरेला सुट्टी! आपलं गाव माझी सोबतीण मोजणार आहे, कारण स्वतःचं गाव स्वतः मोजायचं नाही असा दंडक आहे. कागद तपासायला मात्र माझ्याच टेबलावर येतील.

जपून राहा, आणि माझ्यावरची माया तिथून इथवर पोचत राहू दे.
तुझी,
पोर


ता. १७ जानेवारी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. काकांनी दोनदा वाचायला लावलं आणि नळाची ओळ तिसऱ्यांदा.

तुझी सोबतीण येऊन गेली. किती बारीक आहे गं ती, तिला कुणी जेवायला घालतं की नाही? आता काय झालं ते सांगते, पण आधी हसून घे, रागाव नंतर.

कुटुंबामागे एक नळ हे गल्लीत कळलं, आणि सख्खे भाऊ पटापट वेगळे झाले. समोरच्या शिंप्याकडे तर बाप आणि लेक वेगळे झाले, आणि त्या लेकाला अजून मिसरूड फुटलं नाही. मग आपले काका कसे मागे राहतील? त्यांनी माळ्यावरची जुनी शेगडी काढली, मागच्या खोलीतली पोती बाजूला सारली आणि काकूला तिथे बसवलं. पातेल्यात नुसतं पाणी. तुझ्या सोबतिणीने काय शिजतंय म्हणून विचारलं, तर काकू घाबरून म्हणाली, रस्सा. ती बिचारी म्हणाली की वास छान येतोय. पाण्याचा! मी पदराआड तोंड लपवलं, बाबा खोकत अंगणात गेले. तिने दोन कुटुंबं लिहिली आणि निघाली.

बाबांचं म्हणणं, आपण कुणाचं काही चोरलं नाही. दोघे भाऊ आहेत, दोन नळ असले तर बिघडलं कुठे. आपला कागद तुझ्यापुढे येईल तेव्हा पान उलट आणि पुढे जा. पुन्हा तपासणी होते असं काकांनी ऐकलंय, म्हणून तोवर सोंग नीट वठवायचं ठरलंय. काकू मागे रांधते, मी पुढे.

तिथे उपाशी धावपळ करू नकोस. सगळ्यांचा जीव तुझ्यापाशी, हे पक्कं समज.
तुझी,
आई


ता. २२ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. तू म्हणालीस म्हणून आधी हसले. पाण्याच्या वासाला तर मशीनवाल्या बाईही हसल्या. मग आपल्या गावाचा कागद पुढे आला आणि हसू पळालं.

आई, मला पान उलटता येणार नाही. टाकीतलं पाणी ठरलेलं आहे. आपल्या गल्लीने दुप्पट नळ घेतले, तर टेकडीवरच्या वस्तीपर्यंत पाणी चढणारच नाही. आराखड्यात तिची नळाची रेघ आत्ताच पेन्सिलीने खोडलीय, मी पाहिलं. त्या बायका ओढ्यापासून बादल्या घेऊन चढतात. तू सपाटीवर आणतेस तरी संध्याकाळी कंबर धरून बसतेस.

त्यातून आमच्या साहेबांच्या लक्षात आलंय की गावात माणसं तेवढीच आहेत आणि कुटुंबं भराभर वाढलीत. ते स्वतः तपासायला जाणार आहेत. सोमवारी मी त्यांना आपल्या घराचं खरं सांगणार आहे. त्याआधी बाबांनी गावच्या कार्यालयात जाऊन एकच कुटुंब असं लिहून दिलं, तर फार बरं होईल. नाही दिलं तरी मी सांगेन. नोकरी राहील का, ठाऊक नाही. बाबा माझ्याशी बोलतील का, तेही ठाऊक नाही, आणि ती भीती नोकरीपेक्षा मोठी आहे.

मी घरातली पहिली पदवीधर. निकालाच्या दिवशी बाबा गावभर सांगत फिरले होते. त्याच शिकलेल्या मुलीने त्यांना साहेबांपुढे खोटं पाडावं, हे मला कुठे हवं होतं? पण दुसऱ्याच्या घरी जाऊन खरं सांगा म्हणायचं आणि आपल्या घराला सूट द्यायची, हे मला जमत नाही गं. रागाव, पण लिही.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून,
तुझी पोर


ता. २९ जानेवारी

चि. लाडक्या पुतणीस,
काकूचे पोटभर आशीर्वाद. तुझी आई लिहायला बसत नाही, कारण ती जेवतेय. गरम, आणि सावकाश. म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र बाबांनी मोठ्याने वाचलं. काका म्हणाले, कलेक्टरीणबाईंनी पहिली धाड स्वतःच्या घरावरच घातली. कुणी हसलं नाही. बाबा चष्मा पुसत म्हणाले, टेकडीचं मला सुचलंच नव्हतं, पोरगी बरोबर बोलतेय. धुतलेला सदरा घातला आणि गावच्या कार्यालयात निघाले. जाताना काकांना म्हणाले, ती शेगडी माळ्यावर टाक.

काका शेगडी उचलायला वाकले आणि तुझी आई मध्ये उभी राहिली. म्हणाली, भाऊजी, हात लावायचा नाही.

जन्मात कधी तिला नाही म्हणताना ऐकलंय का तू? काका तसेच वाकलेले राहिले. बाबा दारातून परत आले. त्यांना वाटलं, आम्ही जावाजावा भांडलो. त्यांनी विचारलंही, कशावरून भांडलात? तुझी आई म्हणाली, भांडलो नाही, भांडण संपलंय.

आता तुला सांगते. सोंग म्हणून मी मागे रांधायला बसले. पहिल्या दिवशी भाजी करपली. तुझी आई असती तर काही बोलली नसती, नुसतं पातेल्यात बघितलं असतं. ते बघणं मला लग्न झाल्यापासून पोळतंय. त्या दिवशी कुणी बघितलं नाही, आणि करपलेली भाजी मी मजेत खाल्ली. माझ्या जुळ्या मुलींना लवकर भूक लागते, त्या लवकर जेवल्या. तिकडे तुझ्या आईला तिखट आवडतं हे मला आत्ता कळलं बघ! इतकी वर्षं माझ्या पोरींसाठी ती सपक खात होती, आणि सगळ्यांचं उरकल्यावर शेवटी, गार. आता ती बाबांच्या शेजारी बसून जेवते. बाबा आधी अवघडले, मग गप्पा मारायला लागले.

पूर्वी आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, झाकण ठेव. आता दुपारी ती वाटीभर काहीतरी घेऊन माझ्याकडे येते, पाहुण्यासारखी दारात थांबते आणि आम्ही बोलत बसतो. परवा ती माझ्यापाशी रडली आणि नंतर आम्ही इतक्या हसलो की काका बघायला आले.

हे सगळं तिने बाबांना सांगितलं, थोडं मी सांगितलं. काका म्हणाले, म्हणजे नळ दोन घ्यायला आता हरकत नाही! त्यावर तुझ्या आईने हात जोडले. म्हणाली, भाऊजी, चुली दोन, नळ एकच. अंगण एक आहे, बादली लावायला मला जावेची परवानगी लागत नाही. बाबा तसंच लिहून देऊन आले.

तू साहेबांना काही सांगितलं नसशील तर बरं. सांगितलं असलंस तरी आम्ही तुझ्यावर रागावलेलो नाही. बाबा तर मुळीच नाहीत, हे त्यांनीच लिहायला सांगितलं.

इथल्या दोन्ही शेगड्यांची ऊब तुला पोचो.
तुझी,
काकू


ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस आणि काकूस,
दोघींना एकाच ओळीत नमस्कार. बाबांचं ते वाक्य मी किती वेळा वाचलं, विचारू नका.

काकू, मी सांगून बसले होते गं! सोमवारीच. आमच्या घरात चूल एकच आहे, दुसरी नुसतं सोंग आहे, असं साहेबांपुढे उभं राहून सांगितलं. ते म्हणाले, स्वतःच्या घराची तक्रार घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्याच, बसा, पाणी प्या. आणि तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्यांची जीप आपल्या गावाकडे गेली होती. म्हणजे आता खोटी मीच ठरणार! सगळा दिवस मी त्या मागच्या जिन्याकडे डोळे लावून बसले. सोबतिणीने मला जेवायला घातलं, ती स्वतःही जेवली. आईला सांग, ती बारीक असली तरी खाते भरपूर.

साहेब परत आले ते पोटावर हात ठेवूनच. मला बोलावलं आणि विचारलं की तुमच्या घरात नेमकं खोटं बोलतं कोण. मग ते हसायला लागले. गल्लीतल्या बहुतेक शेगड्या थंडगार होत्या, एकीत तर कोंबडीने अंडी घातली होती, ती सगळी कुटुंबं त्यांनी पुन्हा एक केली. शिंपी आणि त्याचा लेक साहेबांसमोर गळ्यात पडले म्हणे. आपल्याकडे मात्र मागच्या खोलीची भिंत काजळलेली, फळीवर डबे, आणि जुळ्यांनी भिंतीवर काढलेली मांजरं. दोन्हीकडे जेवल्याशिवाय तुम्ही सोडलं नाही. पुढचा रस्सा डोळ्यांत पाणी आणणारा, मागचा गोडसर. साहेब म्हणाले, दोन्ही एका शेगडीवरचे असतील तर मी नोकरी सोडतो. त्यांनी लिहिलंय, कुटुंबं दोन, नळ एक, सामायिक.

मी विचारलं, मग मी जे सांगितलं त्याचं काय. म्हणाले, तुम्ही सांगितलंत तेव्हा तुम्हाला तेवढंच माहीत होतं, पुढच्या आठवड्यात टेकडीवर जा, तिथली घरं नीट लिहून आणा. तिथल्या नळाची रेघ पुन्हा काढलीय, यावेळी शाईने.

आई, मी जिना उतरून खाली आले, पायरीवर बसले आणि रडले. मशीनवाल्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, नोकरी गेली. मी म्हटलं, आई गरम जेवते. त्यांना काही कळलं नाही, पण त्याही माझ्यासोबत डोळे पुसायला लागल्या.

शनिवारी सुट्टी घेऊन येतेय. तोवर मला मनात ठेवा, दोन्हीकडे.
तुमची,
पोर


ता. १२ फेब्रुवारी

चि. पोरीस,
आशीर्वाद, आणि घाईत चार ओळी.

शनिवारी येतेस हे वाचून बाबा आजच बसथांब्यावर जाऊन वेळ विचारून आले. काकांचं म्हणणं, साहेब जेवून गेले म्हणजे दोन्ही घरांना सरकारी मान्यता मिळाली. आता ते जाता येता कुठेही जेवतात, आणि दोन्हीकडे आपण जेवलो नाही म्हणतात.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आधी कधी बोलले नाही, कारण मला कुणी त्रास देत नव्हतं. कुणी त्रास देत नसेल तर काय सांगायचं, असं वाटायचं. आता बरं वाटतंय.

एक मात्र ताबडतोब कळव. शनिवारी तू आधी माझ्याकडे जेवणार की काकूकडे? काल यावरून आमचं चांगलं कडाक्याचं भांडण झालं, लग्न झाल्यापासूनचं पहिलं, तोंडावर, मोठ्या आवाजात. ती म्हणते, पुतणीवर पहिला हक्क माझा. मी म्हणते, तुझी भाजी करपते. बाबा मध्ये पडायला आले होते, दोघींनी मिळून त्यांना बाहेर घालवलं.

भूक घेऊन ये.
तुझी,
आई