मार्चमध्ये आलेलं चित्र

अजमान
शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९९९

प्रिय मिलकाताई,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र सुनेत्रानं ठाण्याहून नव्या पाकिटात घालून पाठवलं, ते बावीस दिवसांनी पोचलं. इथून, आखातातून, तुझ्याकडे इस्रायलला ना टपाल जातं, ना फोन लागतो. ती बिचारी जुना शेजार म्हणून किती वर्षं हे करतेय. तुझे गुडघे कसे आहेत? मी बरा आहे. उकाडा ओसरला. माझ्या खोलीतला सुजीत सुट्टीवर गेलाय, त्यामुळे दोन आठवडे घरात मराठी नाही. भांडी घासताना मीच मोठ्यानं बोलतो.

तू लिहिलंस, व्हिएन्नाच्या कमिटीनं पुन्हा पुरावा मागितला. आजोबांच्या तिथल्या घरातून नाझींनी उचललेल्या, आईच्या लहानपणीच्या चित्राचा ना फोटो, ना पावती.

ताई, पुरावा आहे. मी पाहिलाय.

मार्चमध्ये आमच्या फ्रेमच्या दुकानात बदरुन्निसा बेगम नावाच्या हैदराबादी बाईंकडून एक चित्र आलं. चौकटीला वाळवी लागली होती. खुर्चीत बसलेली, रुसलेली पाच-सहा वर्षांची मुलगी. एक मोजा गुडघ्यापर्यंत, दुसरा घसरून घोट्यावर. आई सांगायची ना, 'मी मोजा वर ओढलाच नाही, पप्पा चिडले आणि चित्रकार हसला'? अगदी तसंच. मागचा कागद काढला, तर आईचं माहेरचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख. शाई अजून काळी होती.

मी त्यावर नवा तपकिरी कागद चिकटवला. चित्र परत गेलं.

व्हिसाच्या फॉर्मवर एजंटानं माझा धर्म ख्रिश्चन लिहिला होता, तो मी कधी दुरुस्त केला नाही. अकरा वर्षं नाताळचा केक खातोय. चित्रावर हक्क सांगायचा, तर मी ज्यू आहे हे आधी सांगावं लागणार. नोकरी गेली तर या वयात कुठे जायचं? तुला पत्र लिहिलं आणि ते कुणी फोडलं तर? म्हटलं, जूनमध्ये ठाण्याला जाईन आणि तिथून तुला आणि आईला फोन करीन. मग तुला कळवलं, रजा मिळाली नाही. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये सुनेत्राचा दुकानात फोन आला. आई जाऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. मालक हनीफभाई विचारत होते, "क्या हुआ?" मी म्हटलं, "कुछ नहीं, राँग नंबर." आईसाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. मी एकट्यानंच म्हटली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एसी मोठा करून.

गेल्या आठवड्यात बेगमसाहेबांकडे गेलो. त्यांच्या नवऱ्यानं ते चित्र जिनिव्हाला एका दुकानातून घेतलेलं. त्यांना मुलगी नाही, म्हणून त्या हिलाच लेक मानून 'नाराज बीबी' म्हणतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं, माझा कागद स्वतःच्या नखांनी फाडला आणि आईचं नाव एकेक अक्षर लावत वाचलं.

"अम्मी को बुलवाइए," त्या म्हणाल्या. "मैं उन्हीं के हाथ में दूँगी."

"अगस्त में गुज़र गईं."

"और आपको कब से मालूम था?"

"मार्च से."

 चहा आला होता. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला नाही.

तरी शब्द पाळला. डिसेंबरात त्यांचा मुलगा चित्र लंडनला नेईल आणि तिथल्या वकिलाकडे तुझ्या नावानं ठेवील. मागच्या बाजूचे फोटो आणि बेगमसाहेबांची सही केलेली चिठ्ठी सोबत आहे. आता कुणी पाकीट फोडलं तरी फोडू दे.

हनीफभाईंनाही सांगितलं. म्हणाले, "ग्यारह साल साथ खाना खाया, और मुझसे डरते रहे?" उठून गेले. दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखी कामाची यादी हातात दिली. बस, एवढंच झालं. एवढ्याचसाठी मी आई असतानाचे पाच महिने गप्प बसलो होतो.

आई शेवटी शुद्धीवर होती का? चित्राबद्दल काही विचारत होती का? तू लिहिलं नाहीस, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. आता लिही. चिडून लिही, शिव्या घाल, पण लिही.

तिला सांगता आलं असतं आणि सांगितलं नाही, असा
तुझा धाकटा भाऊ,
इलियास