किलर पेशींचा वकील

३ मार्च
आज प्रयोगशाळेत ठणकावून सांगितलं. नॅचरल किलर पेशी म्हणजे शरीराचे जातिवंत पहारेकरी, कॅन्सर दिसला की खलास. परिषदेतलं माझं भाषण यावरच आहे. पुराव्यासाठी कॅन्सरच्या गाठी असलेल्या उंदरांचे दोन पिंजरे. एकातल्या उंदरांच्या किलर पेशी शाबूत, दुसऱ्यातल्यांच्या काढून टाकलेल्या. दुसऱ्यात गाठी फोफावणारच. शंकेखोरनं (माझी पीएचडीची विद्यार्थिनी, नाव मीच ठेवलंय) विचारलं, नाही फोफावल्या तर? अक्कल वाटत होते तेव्हासुद्धा ही प्रश्नच विचारत बसली असणार.

२४ मार्च
दुसऱ्या पिंजऱ्यात गाठी आक्रसल्या. शंकेखोरनं पिंजऱ्यांची अदलाबदल केली असणार. नाचता येईना, अंगण वाकडं. यापुढे प्रयोगशाळेतल्या फ्रीजची किल्ली माझ्याकडे. प्रयोग मी स्वतः करणार.

१८ एप्रिल
पुन्हा तेच. उंदीर निकृष्ट.
शंकेखोर म्हणते, या जातीच्या गाठीत किलर पेशी कॅन्सरला सोडून आपल्याच टी पेशींना दाबून ठेवतात. लढायचं टी पेशींनी, आणि हे पहारेकरी त्यांना पुढेच येऊ देत नाहीत. वर म्हणते, "कुंपणच शेत खातंय, सर." म्हणींवर विज्ञान चालत नसतं, हे सुनावलं. संकल्प: उद्यापासून माझ्या सहीशिवाय कोणीही काचेच्या नळीला हात लावायचा नाही.

२० एप्रिल
दाराशी सहीसाठी रांग. दिवसभरात प्रयोग एकही नाही, चूकही एकही नाही. याला शिस्त म्हणतात. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, तुम्ही स्वयंपाकघरात आलात की माझंही असंच होतं. गाढवापुढे वाचली गीता.

२९ एप्रिल
संचालकबाईंनी महिनाभर सुट्टी घ्यायला लावली. दमलेले दिसता म्हणाल्या. चला, इथे कोणाला तरी कदर आहे. किल्ली मात्र मागून घेतली, ते आवडलं नाही. माझ्यामागे सगळं ठप्प होणार. होऊ दे. कळू दे.

३० मे
काहीही ठप्प नाही. तिसऱ्यांदा प्रयोग झाला. किलर काढल्या, टी पेशी मोकळ्या सुटल्या, गाठी जवळजवळ गायब. रखडलेली आणखी दोन कामंही उरकलेली. परिषदेतलं भाषण शंकेखोर करणार. अपमान झाला, झोंबला. बाईंना विचारलं, महिन्याभरात एवढं सगळं झालंच कसं?
बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला काढून बघितलं."
थट्टा करण्याची ही काय वेळ? असो. भाषणाला मी पहिल्या रांगेत बसणार. कोणीतरी पहाऱ्याला नको? आत जायच्या पासवर सही लागते म्हणे, शंकेखोरची. सकाळपासून तिच्या दाराशी उभा आहे. माझ्यापुढे सहाजण आहेत.