गायींना सांगितलेलं नाव

३ सप्टेंबर
पोचले एकदाची! एक सायकल, दोन पेट्या आणि आईने बळेच गळ्यात मारलेला मनुक्यांचा पाव. बघणाऱ्याला वाटावं, बाई नांदायलाच आली. तसं ते खोटंही नाही. आलाइडाकाकूंचे यजमान मारिनुस कोस्टर्स वसंतात गेले, मूलबाळ नाही. गोठा नीट सांभाळलास तर पुढे तो तुझ्याच नावावर करीन, असं काकूंनी फोनवरच सांगितलं होतं. माझ्या बापाकडे कधी शेपटीएवढीही गाय नव्हती. लोकांच्या गोठ्यांत राबत मी पस्तिशी गाठली. हा गोठा मला हवाय. अगदी जीव तोडून हवाय.

आणि गोठा तरी कसा! लख्ख, हवेशीर, मध्यावर दूध काढणारा रोबो. गायी पेंडीच्या लोभाने आपणहून त्याच्या कप्प्यात शिरतात. गळपट्ट्यावरून तो गाय ओळखतो, ब्रशने कास पुसतो, लाल किरणाने सड शोधतो आणि नळ्या लावतो. काही अडलं तर माझा फोन वाजतो. माहेरच्या लोकांना वाटतं, मला आता गादीवर लोळून पगार मिळणार. मिळो बापडा.

६ सप्टेंबर
गायी ओळखीच्या होताहेत. ग्रीत नावाची एक तांबडी म्हातारी आहे, तिचे मागचे सड एकमेकांवर चढलेले. रोबोला ते काही केल्या सापडत नाहीत. तिच्या नळ्या मारिनुस हाताने लावायचे, असं काकू म्हणाल्या. मी सकाळी ग्रीतला शोधत गेले तर बाई आधीच दूध देऊन बाहेर! पडद्यावर नोंद होती: नळ्या हाताने लावल्या.

काकूंना विचारलं, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? त्या हसल्या आणि म्हणाल्या, लागलं ना दूध हाताला, मग झालं तर. स्वभावाने गोड आहेत, पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा त्यांना कंटाळा दिसतो.

१० सप्टेंबर
काकूंच्या हाताला संधिवात आहे. साधं बरणीचं झाकण उघडत नाही त्यांना. मग ग्रीतच्या नळ्या कोण लावतं?

आज दुपारी गव्हाणीशी चारा सरकवत होते. एकाएकी सगळ्या गायींनी चरणं थांबवलं. एकीने मान वळवली, मग शेजारणीने, मग तिच्या शेजारणीने. गव्हाणीच्या कडेने कुणी सावकाश चालत जावं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघत राहावं, तशा. चालणारं कुणी नव्हतं. रोबोपाशी दाटी करून उभ्या असलेल्या गायींनी एका माणसापुरती वाट करून दिली आणि ती पुन्हा मिटली. मी फावडं घट्ट धरून उभी होते. नंतर स्वतःलाच हसले, पण मनापासून नाही.

१५ सप्टेंबर
दूध घटतंय. गायी पान्हा चोरतात. रोबो नळ्या लावतो, वाट बघतो, काढून घेतो. यंत्राचा माणूस येऊन सगळं तपासून गेला. म्हणाला, ताई, यंत्र ठणठणीत आहे, तुमच्या गायीच कुणाची तरी वाट बघताहेत. थट्टाच केली त्याने. गोठा असाच आटत गेला तर काकू मला कशाला ठेवतील?

१६ सप्टेंबर
पहिल्या शेजाऱ्यांकडे, म्हणजे सगळ्यांत जवळच्या घरी गेले, एगबर्टकाकांकडे. आमच्या भागात घरी मरण आलं की घरच्यांनी नुसतं बसायचं. बाकी सगळं पहिला शेजारी बघतो. गावाला कळवणं, शेजारच्या बायकांकरवी प्रेताला आंघोळ घालणं, खांदा देणं. आणि गोठ्यात जाऊन गायींना सांगणं की अमका गेला. मी विचारलं, मारिनुसांचं सांगितलंत ना?

काकांनी कॉफी ढवळली. मग म्हणाले, नाही गं पोरी. तुझ्या काकूंनी दारातच अडवलं. आता रोबोचा गोठा, गायींना मालक लागतो कशाला, म्हणाल्या. आणि मरणघराचा शब्द शेजारी मोडत नाही. पण घरात मरण शिरलं की गायींना एक नाव द्यावंच लागतं. नाही दिलं तर दावण रिकामी होईपर्यंत त्या झुरत राहतात, आणि गेलेला माणूसही जात नाही.

मी म्हटलं, मग आता सांगा. काका म्हणाले, घर सांगेल तेव्हा.

१९ सप्टेंबर
काकूंच्या मागे लागले. रोज लागले, हात जोडले. गोठा मरतोय हो, म्हटलं. आज त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता एकदम म्हणाल्या, मलाही कळतं गं, त्याला जावं लागेल हे. पण सवय झालीय त्याची. मग माझ्याकडे बघत राहिल्या, अगदी मायेने. म्हणाल्या, बरं, देऊ या नाव. एगबर्टला मीच सांगते.

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्या गालाची पापी घेतली.

२१ सप्टेंबर
काका सकाळी काळा कोट घालून आले. गोठ्याच्या दारात टोपी काढली. माझ्याकडे बघितलं नाही. आत घरच्या माणसाने यायचं नसतं, म्हणून मी बाहेर थांबले. एकेका गायीच्या पाठीवर तीनदा थाप मारत, तिच्या कानाशी वाकून ते काहीतरी पुटपुटत होते. रोबोच्या कप्प्यात उभ्या असलेल्या गायीलाही त्यांनी सोडलं नाही. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते. घराचा शब्द होता पोरी, एवढंच बोलले आणि चालू लागले.

दूध आलं. भरभरून आलं! नळ्यांतून पांढरी धार खळखळून वाहताना बघून मी एकटीच नाचले.

२२ सप्टेंबर
गायी मला वाट देत नाहीत. सरळ अंगावर चालून येतात, मी तिथे नसल्यासारख्या. खांदा सुजलाय. हाका मारल्या तरी एकही कान हलत नाही.

ग्रीतच्या नळ्या आजही हाताने लावलेल्या.

म्हणजे मारिनुस गेले नाहीत. मग काकांनी सांगितलं ते नाव—

नको. मूर्खपणा आहे हा.

२३ सप्टेंबर
माझा फोन वाजत नाही. रोबो अडला की खाली स्वयंपाकघरातला फोन वाजतो. कुणीतरी उचलतं. पुरुषाचा खोकला ऐकला.

काकूंनी टेबलावर दोन ताटं मांडली. दुसऱ्यासमोर बसायला गेले तर त्यांनी खुर्ची हळूच ओढून घेतली. रागावून नव्हे. जागा दुसऱ्याची होती, म्हणून. मी ओरडले, काय नाव दिलंत? त्यांनी डोळे पुसले आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, पोरगी गुणी होती हो.

होती!

२४ सप्टेंबर
पेट्या तशाच टाकून सायकल काढली. दाराबाहेर काळे कोट. सगळे शेजारी. मी मध्ये घुसले, ढकललं, किंचाळले. ते बाजूला झाले नाहीत, गायींसारखेच. परत वर माझ्या खोलीत आले. दाराला कडी घातली.

आईला फोन लावला. आई रडतच होती. एगबर्टकाकांचा फोन तिला आधीच— मी म्हणत राहिले, आई, मी बोलतेय, मी योरीन, ऐक ना— ती नुसती विचारत होती, कोण आहे, कोण बोलतंय, आवाज का येत नाही—

तोच दिवस
हात आहेत. श्वास येतोय. आरशात दिसतेय मी. लिहितेय म्हणजे आहे.

खाली कॉफीचा वास. कुणीतरी पुरुष हसतोय, काकूही हसताहेत.

जिन्यावर बायका. शेजारणी. बादलीचं पाणी हिंदकळतंय. एकजण म्हणाली, पाणी फार गरम नको गं, कातडी सुटते. दुसरी म्हणाली, केस मी विंचरते.

कडी आतून आहे. ती आतून आहे. ठोठावतही नाहीत त्या, कारण अशा खोलीचं दार कुणी—

कडी सरकली. मी पलंगावर उभी आहे, ओरडतेय, बघा, बघा, मी— त्यांनी बाह्या वर केल्या. एकीने माझ्या घोट्याला हात—

गरम आहे गं, ती म्हणाली, अजून गरम आ