उलट्या काट्याचं घड्याळ

प्रिय आबा,

दुकानातलं घड्याळ परवा सकाळी चालू झालं, आणि ते उलटं चालतं आहे! हे तुम्हालाच आधी सांगायला हवं होतं. म्हणून लिहायला बसले. रंग अजून नखांत आहे.

तुम्ही गेलात तेव्हा हाजीशेठच्या कापडदुकानाची पाटी अर्धीच होती. काचेवरचा हिरवा पोपट. बाजाराच्या दिवशी डोंगरातून उतरलेली माणसं अक्षरं वाचत नाहीत, पोपट पाहून दुकानात शिरतात. शेठ दारात येऊन म्हणाले, "छोकरी, ईदपर्यंत थांबतो. नाहीतर धुळ्याहून रंगारी बोलावीन."

माय म्हणाली, "पोरी कोठे पाट्या रंगवतस का? दुकान बंद कर आन घर ये."

मी तुमची अर्धी काच पूर्ण करायला घेतली आणि बिघडवली. मग दुसरी घेतली, तीही बिघडवली. कशी बिघडवली, माहीत आहे? पोपटाचं हिरवं अंग आधी भरलं आणि त्यावर डोळा काढला. काच फिरवून समोरून पाहिली, तर आंधळा पोपट! काचेवर मागून रंगवायचं म्हणजे जे सगळ्यात वर दिसायचं ते सगळ्यात आधी काढायचं. आधी डोळा, मग पिसं, मग अंग, आणि जमीन, म्हणजे मागचा सपाट रंग, शेवटी. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण डोळा वाळेपर्यंत माझ्याने थांबवत नव्हतं.

आबा, इतकी वर्षं मला रंग घोटायला लावलंत, काचेला हात का लावू दिला नाहीत? आणि वाळेपर्यंत माणसाने काय करायचं, तेही सांगितलं नाहीत. तुम्ही विडी पेटवून काचेमागे बसायचात. मला वाटायचं, तुम्हाला आळस आला.

दुकानात आता एकच काच उरली होती. लढाईमुळे सुरतेहून माल येत नाही, काच नाही आणि रंगही नाही. ही काच गेली की पाटी गेली, आणि पाटीबरोबर दुकानही.

तेव्हा मला घड्याळाचं सुचलं. तुमचं भिंतीवरचं घड्याळ कधीपासून बंदच होतं. मी ठरवलं, त्याला नवी तबकडी करायची आणि तिच्यावर आकडे ठेवायचेच नाहीत. आकड्यांच्या जागी कामांची घरं. काटा 'डोळा'वर असेल तर डोळा काढायचा. तो 'वाळू दे'वर आला की कुंचला खाली.

आधी जमिनीवर खडूने गोल काढून घरं पाडली. माय भाकरी घेऊन आली आणि गोलाभोवती फिरली.

"आन तुन्हा आबा नुसता बसी ऱ्हायेत, ते कोठे शे?"

"बसणं हे काय काम आहे, माय?"

"मग इतला वरीस मी कोनाशी भांडनू?"

असं म्हणून ती स्वतःच खाली बसली आणि बोटाने शेवटच्या घराला लागून एक रेघ ओढली. तुमच्या बसण्याचं घर! त्यात मी 'पाहणे' लिहिलं. दुकान बंद कर असं ती त्यानंतर बोलली नाही.

तबकडी मी काचेच्याच एका फुटक्या तुकड्यावर केली. रंगाऱ्याच्या घरात दुसरं काय सुचणार? तुम्ही स्वतः घोटलेला तांबडा रंग वाटीत तळाला होता, तो वापरला. तो तेवढाच होता. अक्षरं मागून उलटी काढली, म्हणजे समोरून सुलटी दिसणार. एक काना चुकला नाही. मिरवतच ती शेजारच्या घड्याळजी रशीदचाचांकडे नेली. घड्याळाची चाकं साफ करून ते वाटच पाहत होते.

चाचांनी तबकडी बसवली, काटा फिरवून पाहिला आणि भिंग डोळ्यावरून काढलं.

"बेटी, या घड्याळवर टिननी पाटी व्हई. काचनी नई."

मी पाहिलं. अक्षरं मी उलटी काढली होती, पण घरं मात्र सरळ क्रमाने मांडली होती! समोरून तोच क्रम उलटा झाला होता. काटा आधी 'जमीन'वर जात होता, मग 'अंग', आणि 'डोळा' अगदी शेवटी, टिनवर समोरून रंगवतात तसं. माझ्या दोन्ही काचा ज्या चुकीने गेल्या, तीच चूक मी तबकडीवर रंगवून ठेवली होती.

मी चिंधी घेतली. चाचांनी माझा हात धरला.

"रंग कोना शे?"

"आबांचा. शेवटचा."

"मंग पुसू नको. तुन्हा बाप सारी जिंदगी उलटा लिखत ऱ्हायना, त्याला कोनी सुधारं का? काटाच उलटा फिरावूत."

त्यांनी मिनिटकाटा काढून टाकला. तासकाट्यामागे कुठल्याशा मोडक्या घड्याळाचं एक चाक घातलं. काटा थरथरला आणि डावीकडे निघाला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो.

आबा, त्या घड्याळासमोर मी शेवटची काच घेतली. डोळा काढला आणि थांबले. हात नुसता शिवशिवत होता! काटा 'वाळू दे'च्या बाहेर पडेपर्यंत कुंचल्याला शिवले नाही. मग पिसं. मग अंग. मग जमीन. उन्हाळा असल्याने रंग भराभर वाळला. 'पाहणे'च्या घरात मी तुमच्या जागेवर, काचेमागे बसले. आणि तेव्हा दिसलं की चोचीखाली एक जागा कोरी राहिली आहे. ती भरली. तुम्ही आळशी नव्हतात तर.

हाजीशेठ आले. पाटीपेक्षा घड्याळाकडेच जास्त वेळ पाहत राहिले. "तेरी घडी तो उलटी है, फिर पाटी सीधी कैसी निकली?" पाटी घेऊन गेले. धुळ्याच्या रंगाऱ्याचं नाव काढलं नाही.

येणारा जाणारा घड्याळ पाहून हसतो. हसू दे. काचेच्या मागच्या बाजूने पाहिलं तर तो काटा सरळच फिरतो, आणि तुम्ही नेहमी त्याच बाजूला बसायचात.

आता काच मिळेल तेव्हा मिळेल. तोवर टिन रंगवीन. पण पुढची काच हातात आली की कोपऱ्यातलं रंगाऱ्याचं नाव मी सगळ्यात आधी काढीन, डोळ्याच्याही आधी. तुमचं, आणि त्याखाली माझं. वचन देते, दोन्ही वाळेपर्यंत कशालाही हात लावणार नाही.

तुमची,
शेवंता