बिजवर दुर्बिणीची वाटणी

मी, खाली सही करणारी श्रीमती कलाबाई कारभारी बोरस्ते, वय एकाहत्तर, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, स्वखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; असता, तर दबाव आणणाऱ्याचे नाव इथे पहिल्याच ओळीत आले असते. माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत. तेव्हा म्हातारीला दिसत नव्हते, कोणीतरी सही घेतली, असे पुढे कोणी म्हणू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती कै. कारभारी पाटबंधारे खात्यात होते आणि आमचा संसार नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याजवळच्या क्वार्टरमध्ये झाला. ते बिजवर होते. पहिली पत्नी वारली तेव्हा मुलगी हर्षाली अगदी लहान होती. "बिजवर आहे, पण सरकारी आहे," असे म्हणत माझ्या चुलत्यांनी हे स्थळ आणले. माणूस चांगला निघाला, याचे श्रेय मात्र चुलत्यांनी घेऊ नये. पुढे आम्हाला सोमनाथ झाला. हर्षाली मला मावशी म्हणते आणि मला ते आवडते. पण आमचे बोलणे कामापुरते असायचे. बिजवर, सावत्र, पहिली, दुसरी हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत, असा न सांगताच नियम पडला होता. त्या नियमापायी आम्ही दोघी एकमेकींशी उभा जन्म जपून बोललो.

२. बंधाऱ्याच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात. क्वार्टरच्या ओट्यावरून ते बघता बघता मला त्यांचे वेड लागले, ते नाशिकला आल्यावरही सुटले नाही. डोळे नवे झाल्यावर मी ठरवले की आता चांगला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावर ठेवायची मोठी दुर्बीण, घ्यायचीच. सोमनाथने स्वस्तातला नवा स्कोप शोधला. "आई, कोरा करकरीत आहे, वॉरंटी आहे, वर ट्रायपॉड फुकट. दुसऱ्याने वापरलेला कशाला घेतेस?" दुसरा होता गंगापूर रोडच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा. गुडघ्यांनी हात टेकले म्हणून ते विकत होते. भारी विलायती कंपनीचा, पण अंगावर ओरखडे, रबर सैल, डबा नाही, वॉरंटी तर नाहीच. मी टॉर्च मारून आत पाहिले. बुरशी नव्हती.

दोन्ही स्कोप एका दिवसापुरते मागून घेऊन आम्ही बंधाऱ्याकाठी चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर गेलो. सिन्नरहून हर्षालीही आली होती. दुपारी दोन्हींत फारसा फरक वाटेना. नव्याची मी उगाच निंदा करणार नाही. ज्याला उन्हात रोहित पक्षी बघायचे आहेत त्याला तो पुरे. पण ऊन कलले, मी झूम वाढवला आणि नव्यातले पाणी ताकासारखे पांढुरके झाले, बदकांना जांभळी किनार आली. जुन्यातून मात्र थापट्या बदकाच्या नराचा पिवळा डोळा लखलखीत दिसत होता. तरी माझे मन ठरेना. म्हातारपणी वापरलेल्या वस्तूत पैसे घालायचे आणि ती बिघडली, तर मुलगा आयुष्यभर ऐकवणार. तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "मावशी, बिजवरच घे. आपल्या घराला तो लाभतो."

सोमनाथ माझ्याकडे बघायला लागला. मी हर्षालीकडे बघितले. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की खालचे शेकाटे उडाले आणि शेजारच्या फोटोवाल्यांनी आम्हाला शिव्या घातल्या. बिजवर स्कोप घरी आला. त्यानंतर हर्षाली दर रविवारी येते आणि आम्ही तिच्या आईबद्दलसुद्धा बोलतो.

३. इंदिरानगरची सदनिका माझ्या एकटीच्या नावावर आहे. मी काही लिहून न ठेवता गेले तर ती सोमनाथला जाईल, माझी वारस म्हणून हर्षालीला काही मिळणार नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून हे मृत्युपत्र. सदनिका आणि बँकेतली शिल्लक हर्षाली व सोमनाथ यांना समान मिळावी. वकिलांनी मसुद्यात जागोजागी 'सावत्र मुलगी' असे लिहिले होते. ते मी खोडले आणि प्रत्येक ठिकाणी सही केली. नाते कळण्यापुरते वर कलम एकमध्ये सांगितले आहे, कोर्टाला तेवढे पुरे व्हावे.

४. पाटल्या सून तेजस्विनीला. तिने त्या कधी मागितल्या नाहीत, एवढेच कारण पुरेसे आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण या घरात कागद तिला एकटीलाच सापडतात. माझे दीर दत्तू यांनी आमची जुनी दुर्बीण "वहिनी, लय दिवस नाय ठेवत," असे सांगून नेली, ती आजतागायत परत आलेली नाही. ती आता त्यांचीच समजावी. तिच्या काचेत तेव्हाच बुरशी होती. माझी राख बंधाऱ्यात सोडू नये. ते पाणी पक्ष्यांना लागते.

५. हे सगळे मुलांना कसे सांगायचे, याने माझी झोप उडाली होती. सोमनाथ काय म्हणेल, या भीतीने मी हिवाळा घालवला. गेल्या रविवारी मनोऱ्यावर एका दमात सांगून टाकले. सोमनाथ म्हणाला, "मग? ताईचं नाव आधीपासून आहे असंच समजत होतो मी. एवढी घाबरलीस कशाला?" माझा जीव भांड्यात पडला. हर्षाली स्कोपला डोळा लावून बसली होती. तशीच म्हणाली, "मावशी, काच पुस ना. सगळं धुरकट दिसतंय." मी रुमाल काढून पुसली. काच स्वच्छच होती. तो स्कोप मी तेव्हाच तिच्या गाडीत ठेवला, त्यामुळे तो या वाटणीत धरू नये. मला पक्षी बघायचे असतील तेव्हा ती घेऊन येईल.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि खालील दोघांच्या समोर मी सही करत आहे.

ठिकाण: नाशिक
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

सही: कलाबाई कारभारी बोरस्ते

साक्षीदार:
१. गोरक्ष नामदेव खैरनार, शेजारी
२. डॉ. आशा गायधनी, यांनी माझी शुद्ध तपासली

टीप: दुसरी साक्षीदार म्हणून आधी हर्षाली सही करणार होती. ती पेन काढून तयारही होती. वकिलांनी तिला थांबवले आणि म्हणाले, "तुम्हाला नको करायला, ताई. तुम्ही वारस आहात." तिने त्यांना ते पुन्हा एकदा म्हणायला लावले.