आमच्यात कुणाला नाही

आई, काल तुझ्या पणतीला घेऊन परळला हॉस्पिटलात गेले होते. तू तिला बघितलंच नाहीस. चोवीस वर्षांची आहे, दादरला ऑफिसात जाते, आणि दोन वर्षं तिचं ओटीपोट दुखतंय. पाळीला दुखतंच, एरवीही. मी आपली म्हणायचे, ओव्याचं पाणी पी आणि ऊठ. परवा म्हणाली, "आजी, आता माझ्या अंगालाच ओव्याचा वास यायला लागलाय. डॉक्टरकडे चल." सोनोग्राफीत काही निघालं नाही. मला वाटलं, झालं, चला घरी. पण डॉक्टरीणबाई सोडेचनात. सोनोग्राफी चांगली आली तरी दुखणं असतं, म्हणाल्या. कुठे, कधी, बसताना, लघवीला, सगळं विचारत बसल्या. मग माझ्याकडे वळल्या, "घरात आणखी कुणाला असं?" मी फाडकन म्हटलं, "आमच्यात कुणाला नाही." "महिन्याचं कुणी पडून राहायचं का?"

तेव्हा तू दिसलीस. लालबागची खोली, मिलमधले पंधरा गडी जेवायला यायचे, आणि तू फडक्यात गुंडाळलेली तापवलेली वीट पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडलेली. भाकऱ्या माझ्या गळ्यात. त्यातच सातवीला माझी शाळा सुटली, राग त्याचा. "नाटकं पुरे, ऊठ," मी म्हणते. तू हसतेस. "तू थाप गो, मी करतंय नाटक." आणि गडी जेवून गेले की तवा गरम आहे तोवर माझ्यापुरती दोन घावनं घालतेस, वाकून, एक हात पोटाशी.

सांगितलं मी. बाईंनी लिहून घेतलं. असली दुखणी कधीकधी घराण्यात असतात, कळलं तर शोधायला बरं पडतं, म्हणाल्या. पोरीला गोळ्या दिल्यात, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणार आहेत, नाही थांबलं तर दुर्बिणीनं बघतील. तुझं दुखणं पहिल्यांदा कागदावर आलं, आई.

"आणि तुम्हाला, आजी?" बाईंनी विचारलं. "मी ठणठणीत." बाहेर आल्यावर पोरगी म्हणते, "बोलताना खाली काय बघत होतीस?" म्हटलं, "चप्पल तुटलीय." चप्पल चांगली धडधाकट होती.

मलाही दुखायचं. लेक झाल्यापासनं ते पाळी जाईपर्यंत. तुला तसं बोलल्यावर कुणाला सांगणार होते? सोमवारी परत जायचंय, बाईंना सांगेन म्हणते. तुला लिहिलेला हा कागद काही कुठे जायचा नाही. आधी तुला सांगून बघितलं, एवढंच.